माजी करदाता

बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं आणि गावातली माझी पत गेली.

शहरातल्या वाचकाला हे दुःख चटकन कळायचं नाही. तिथं डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो करदात्यालाच लागतो. पिंपरी पेंढारला तसं नाही. (पिंपरी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे चिंचवड आलं त्यांनी कृपया आळेफाट्याला उतरून ओतूरकडे जाणारी गाडी धरावी.) इथला पैसा टोमॅटोचा, कांद्याचा, उसाचा, आणि शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही. त्यामुळं एखाद्यानं दोन मजली बंगला बांधला, दारात ट्रॅक्टर, पिकअप आणि सणासुदीला पुसायची पांढरी गाडी उभी केली, तरी प्राप्तिकर खात्याच्या लेखी तो माणूस अजून जन्माला यायचाय. आणि मी, हायस्कूलचा मास्तर, घराच्या मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही, पण खात्याच्या दप्तरी पॅन नंबरासकट हजर! गावात मिरवायला माझ्याकडं ही एवढीच गोष्ट होती, आणि ती मिरवण्यात मी कसूर केली नाही.

एसटी उशिरा आली की "आम्ही टॅक्स भरतो तो कशाला?" असं मी कंडक्टरला विचारायचो. ग्रामसभेत गटाराचा विषय निघाला की "आमच्या टॅक्सच्या पैशातून" या शब्दांनीच बोलायला उठायचो. बिबट्याचा पिंजरा लावायला माणसं आली तेव्हा तो कुठं ठेवायचा हे करदाता या नात्यानं मीच दाखवलं. बिबट्या तिकडं फिरकला नाही. तोही कर भरत नाही, त्याला काय कळणार! खोडदला ती महादुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, बारीक तारांच्या जाळीच्या. शाळेची सहल तिथं नेली की शास्त्रज्ञ मुलांना आकाशगंगा समजावून सांगायचे आणि मी मागच्या रांगेत पोरांच्या कानात सांगायचो, "त्या जाळीतली एखादी तार माझ्या पगारातली आहे बरं का." पोरं आदरानं बघायची. तारेकडं.

या मिरवण्याचा खरा श्रोता एकच होता: आबा. आबा माझा भावकीतला थोरला, शेजारी, आणि टोमॅटोवाला. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा जुन्नर तालुक्यातले टोमॅटोवाले टीव्हीवर झळकायला लागले. आबा टीव्हीवर आला नाही, पण त्यानं टीव्ही बदलला. त्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून त्याला करप्रणाली समजावून सांगत होतो. त्याच्या आधी दोन-अडीच महिने हाच टोमॅटो तोडणीच्या मजुरीलाही महाग झाला होता, लोकांनी तो बांधावर ओतून दिला होता, हे मला तेव्हा आठवत नव्हतं. मत्सराला मागचं आठवत नाही. "आबा, एवढ्या पैशावर तुला एक रुपया टॅक्स नाही," मी म्हणायचो. आबा नव्या टीव्हीचा आवाज वाढवायचा.

तर १ फेब्रुवारी २०२५. शनिवार, सकाळची शाळा. निर्मला सीतारामन यांचं सलग आठवं बजेट. शिक्षकखोलीत गणिताच्या सरांच्या मोबाइलवर सगळे वाकलेले. बारा लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही, असं ऐकलं आणि खोलीत जो जल्लोष झाला तो आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता. सरकारनं त्यासाठी प्रत्यक्ष करातल्या सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडलं होतं. मध्यमवर्गाच्या हातात उरलेल्या या पैशातून खर्च, बचत आणि गुंतवणूक या तिन्हींना जोर येईल, असं मॅडमचं म्हणणं. एकाच पैशानं तिन्ही कामं करायची! हे ऐकून शिक्षकवर्गाला नवल वाटलं नाही. आम्ही शिकवतो, जनगणना करतो, निवडणूकही घेतो.

माझा हिशेब सोपा होता. वर्षाचे साडेअकरा लाख, पंचाहत्तर हजार वजा, राहिले पावणेअकरा. आदल्या वर्षीच्या दरानं त्यावर ६१,२५० रुपये कर, वर चार टक्के उपकर, एकूण ६३,७००. म्हणजे महिन्याला पाच हजार तीनशे आणि वर चिल्लर. हे पैसे एप्रिलपासून माझे. मी ताबडतोब हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर नियोजन केलं: दोन हजार म्युच्युअल फंडात, दीड हजार आरोग्य विम्याला, हजार पुस्तकांना, पाचशे दानधर्माला, तीनशे संकीर्ण. 'संकीर्ण' हा शब्द मी मुद्दाम घातला. सरकारी अंदाजपत्रकात असतो.

अशा वेळी माणसं पैशाचं काय करतात हे अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी फार पूर्वीच विचारून ठेवलंय. २००१ मध्ये तिथल्या सरकारनं कर परत दिला, एकट्याला तीनशे डॉलरपर्यंत आणि जोडप्याला सहाशेपर्यंत, घरपोच चेकनं. शपिरो आणि स्लेमरॉड या दोघांनी लोकांना विचारलं, याचं काय करणार? मुख्यतः खर्च करू म्हणणारे शंभरात बावीससुद्धा भरले नाहीत. बाकीचे म्हणाले, शिल्लक टाकू किंवा कर्ज फेडू. हे वाचून मला अमेरिकन माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मला विचारलं असतं तर मीही 'शिल्लक टाकू' असंच सांगितलं असतं. समोर मिशिगनचा प्राध्यापक वही उघडून बसलेला असताना 'आळेफाट्याला मासवडी खाऊ' असं कोण सांगेल?

कारण झालं तेच. पाच हजार तीनशे कुठं गेले याचा तपास मी अजून करतोय, आणि प्रत्येक वेळी माग मासवडीपाशी येऊन थांबतो. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगतो की बेसनाच्या आवरणात तीळ, सुकं खोबरं आणि लसूण यांचं सारण घट्ट गुंडाळलेलं असतं, तिच्या वड्या कापतात, शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पूर्वी हे वर्षातून पाहुणे आले की व्हायचं. एप्रिलपासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझी दुचाकी ओतूर रस्त्याला लागायच्या ऐवजी आपोआप फाट्याकडं वळायला लागली. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणून बरोबर दोन सहकारी. बिल मी देणार, कारण नियोजनाची वही माझ्याकडं. ही रक्कम मी आधी 'संकीर्ण'मध्ये टाकली. संकीर्ण भरल्यावर 'दानधर्म'मध्ये. सहकाऱ्यांना जेवू घालणं दानच की.

मग इतर गळती. आहेर पाचशेचा होता तो हजाराचा झाला. सरांना एवढा टॅक्स माफ झालाय, सर पाचशे कसे घालतील? घरपोच येणाऱ्या खोक्यांची संख्या वाढली. एका खोक्यातून पायाच्या तळव्यांना मालीश करणारं यंत्र निघालं. आमच्या मांजरानं त्याचा धसका घेतला. पुस्तकांचे हजार रुपये पहिल्या महिन्यात खरंच पुस्तकांवर गेले. 'श्रीमंतीची सूत्रं' अशा धर्तीचं एक होतं. ते वाचून झालं नाही.

गंमत म्हणजे याच अमेरिकेत २००९ मध्ये कर कमी केला तो चेक न पाठवता, दर पगारात थोडी कपात कमी करून. तेव्हा मुख्यतः खर्च करू म्हणणारे शंभरात तेराच निघाले. अभ्यासकांचा कयास असा की वेगळा न दिसणारा पैसा माणूस वेगळा उधळत नाही. माझं घर या सिद्धांताला अपवाद दिसतं. पगाराचा मेसेज येतो, आकडा पूर्वीपेक्षा मोठा दिसतो, आणि त्यात पाच हजार तीनशे कुठून कुठपर्यंत आहेत ते कळत नसल्यामुळं प्रत्येक खर्च त्यातूनच होतोय असं वाटतं. तेच पैसे मी महिन्यातून चारदा खर्च करतो.

एक मात्र खरं. पूर्वी मी बचत करायचो. आता हसू येतं, पण करायचो. जुन्या करप्रणालीत कलम ८० सी होतं, दीड लाखापर्यंत गुंतवा आणि कर वाचवा. जानेवारी लागला की शाळेत एलआयसीचे एजंट दिसायचे. त्यातला एक तर आमचाच सहकारी होता, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत एंडोमेंटचं महत्त्व पटवायचा. पोस्टातली बचतपत्रं, पीपीएफ, पाच वर्षांची ठेव, सगळं करपात्र आकडा खाली आणण्यासाठी. आणि तरीही उरलेला कर एकदम कापून फेब्रुवारीचा पगार असा काही हातात यायचा की गुरुजनांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे व्हायचे. मी त्या पॉलिसीवाल्याला मनात शिव्या घालत सही करायचो. म्हातारपणासाठी, मुलीसाठी, असं काही डोक्यात नसायचं. खात्याला चार पैसे कमी जावेत एवढाच हेतू. आणि मुलीला फार्मसीला घालायची वेळ आली तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्याच शिव्या घालून घेतलेल्या पॉलिसीतून आली. फी भरून बाहेर आलो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही किती आधीपासून विचार करून ठेवला होतात!" मी काही बोललो नाही. बोललो असतो तर कलमाचं नाव सांगावं लागलं असतं.

नवीन प्रणालीत ते कलम नाही. कराची भीती गेली, भीतीबरोबर एजंटही गेला. आता बचत करायची तर ती स्वतःच्या स्वभावावर करायची, आणि माझा स्वभाव फाट्याला वळतो.

कर द्यायचा आणि त्यातून काय उरतं ते बघायचं, हे आमच्या भागाला नवं नाही. इथं मला नाणेघाटाबद्दल बोलायलाच हवं. सहकारी म्हणतात की मी कुठल्याही विषयावरून नाणेघाटात उतरतो. खरं आहे, पण या वेळी विषयच चालत घाटाच्या तोंडाशी आलाय. कोकणातून, कल्याण-सोपाऱ्याकडून बैलांवर माल लादून व्यापारी हा घाट चढायचे, जुन्नरला यायचे, पुढं पैठणला जायचे. घाटमाथ्यावर एकसंध दगडाचा भलाथोरला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायची, अशी परंपरेची समजूत. संध्याकाळपर्यंत रांजण भरायचा म्हणतात. मी दरवर्षी मुलांना त्या रांजणापाशी उभं करून तास घेतो आणि दरवर्षी कुणीतरी पोरगा आत डोकावून सांगतो, "सर, वेफर्सचा पुडा आहे." लोकांनी रांजणाची परंपरा आपापल्या परीनं चालू ठेवलीय.

पण माझा जीव रांजणापेक्षा लेण्यात आहे. घाटातल्या त्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. तिथं राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. पुतळे गेले, वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. शाळेच्या वास्तूला देणगी देणाऱ्यांनी हे जरूर बघावं. तर तो लेख म्हणजे काय? यज्ञ कोणते केले आणि प्रत्येक यज्ञाला दक्षिणा किती दिली याची यादी. विद्वान त्याला सातवाहन इतिहासाचं साधन म्हणतात, आणि त्यातल्या आकड्यांसाठी जगभरचे गणिताचे इतिहासकार त्याचा आदरानं उल्लेख करतात. मला तो एका घरचा खर्चाचा हिशेब वाटतो. अग्न्याधेय यज्ञ, दक्षिणा बारा गाई आणि एक घोडा. पुढं एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. कार्षापण नाण्यांचे आकडे तर हजारांत. आणि बारा हे तिथं अक्षरात लिहून पुढं अंकातही कोरलंय! आपण चेकवर 'अक्षरी रुपये' लिहितो तसंच. म्हणजे हिशेबनिसावर अविश्वास दाखवण्याची पद्धत सह्याद्रीत तेव्हापासून आहे.

मी तिथं उभा राहून नेहमी एका माणसाचा विचार करतो, ज्याचा त्या भिंतीवर उल्लेख नाही: बैल हाकत वर आलेला व्यापारी. दमलेला, घामाघूम, पायाला ठेच लागलेली. रांजणात नाणं टाकतो, समोरच्या लेण्यात त्याच नाण्यांचे हत्ती झालेले वाचतो (वाचता येत असेल तर), आणि जुन्नरचा रस्ता धरतो. समजा एखाद्या दिवशी अंमलदारानं सांगितलं, आज बारा बैलांपर्यंत माफ. त्या वाचलेल्या नाण्याचं त्यानं काय केलं असेल? पैठणपर्यंत कनवटीला सांभाळून नेलं असेल? की जुन्नरच्या बाजारात शिरल्या शिरल्या काहीतरी तळलेलं खाल्लं असेल? मला तरी शंका नाही. घाट चढून आल्यावर भूक लागते. आणि रात्री मुक्कामाला दुसऱ्या व्यापाऱ्यांशी बोलताना त्याला उगाच चुकल्याचुकल्यासारखंही झालं असेल. कारण आदल्या खेपेपर्यंत "राणीच्या दहा हत्तींतला एक पाय माझा" असं तो सांगत आलेला.

असो. आबाकडं येतो.

करमाफीची बातमी आबाला कळायला वेळ लागला नाही. मी बोलायचा थांबलो होतो ना, त्यावरूनच त्याला संशय आला. एका संध्याकाळी त्यानं सरळ विचारलं.

"मास्तर, तुझा टॅक्स आता किती बसतो?"

मी तांत्रिक उत्तर दिलं. आकडा शून्य सांगायला जीभ रेटेना. "नव्या दरानं माझ्यावर सत्तेचाळीस हजार पाचशे बसतो," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं आहे, "फक्त तो कलम ८७ अ खाली सोडून देतात."

"बसतो, पण सोडत्यात?"

"हो."

"म्हंजी माफी."

"माफी नाही आबा. रिबेट."

"सोसायटीचं कर्ज बसतं आन् सरकार सोडतं, त्याला काय म्हंत्यात?"

मी गप्प. कारण २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली आणि २०१९ ला महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती, तेव्हा मी शाळेच्या हस्तलिखितात 'माफी आणि आर्थिक शिस्त' असा चार पानी लेख लिहिला होता आणि तो आबाला वाचूनही दाखवला होता. आबा बिचारा नियमित फेडणारा. त्याला माफी लागू नव्हती. नियमित फेडणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन देऊ असं जाहीर झालेलं खात्यावर पडायला २०२२ उजाडलं. तरी त्यानं लेख शेवटपर्यंत ऐकला होता. आणि, हे मला आता कळलं, लक्षात ठेवला होता.

"तू लिव्हलं व्हतंस, माफीनं माणसाची शिस्त बिघाडती," आबा म्हणाला. "मंग बिघाडली का?"

त्या दिवशी शनिवार होता. माझ्या शर्टावर रश्श्याचा डाग होता.

बायकोला मी हा संवाद सांगितला. ती बचत गटाची खजिनदार. पैशाच्या बाबतीत तिच्याशी बोलताना मी जरा जपून असतो. ती म्हणाली, "अहो, आबा भाऊजींचं सोडा. महिन्याचे दोन हजार मी एक तारखेलाच काढून घेते, तुम्हाला कळलं का?" मला कळलं नव्हतं. त्या पैशातून शेळ्यांच्या गोठ्याला जाड जाळी, वरून पत्रा, लोखंडी दार आणि दाराशी सौर दिवा एवढं झालं होतं. मी गोठ्याकडं गेलो. दार नवं, कडी आतल्या बाजूनं वळवलेली, जाळी जमिनीत वीतभर गाडलेली. रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होतो.

आमच्याकडं या खर्चाला चैन म्हणत नाहीत. २०२४ मध्ये आमच्या गावच्या शिवारात बिबट्यानं बाया मारल्या. शेतात काम करणाऱ्या बाया. तेव्हापासून पहाटेच्या तोड्याला बाया घोळक्यानं जातात, पुढच्या बाईच्या हातात काठी, मधल्या एकीच्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली. उसाच्या कडेकडेनं गाण्यांचा आवाज येत असला की समजायचं, कामावरची माणसं चाललीत.

त्यात आमच्या ओळखीच्या मावशी असतात. आबाच्या टोमॅटोत सुतळी बांधायला, तोड्याला. रोजावर. आबानं दारात नवा ट्रॅक्टर आणला तो जीएसटी उतरल्यावर, २२ सप्टेंबर २०२५ नंतर. बारा टक्क्यांचे पाच झाले, आठ लाखांमागं पन्नास हजार वाचले, आणि ते पन्नास हजार त्यानं तिथल्या तिथं रोटाव्हेटरला लावले. शिस्तीचं काय, असं मी विचारलं नाही. पेढा खाल्ला. त्याच दिवशी मावशींना दुकानात साबण जुन्याच भावानं मिळाला, कारण माल जुना होता. बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा गणितानं चार रुपये पंचेचाळीस पैशांना हवा. वरचे पंचावन्न पैसे सुटे कोण कुणाला देणार? माझी सूट बातम्यांत मथळ्यावर आली, संसदेत बाकं वाजली, तिच्यावर अग्रलेख झाले, अमेरिकेत तर असल्या सुटीवर प्रबंध होतात. मावशींच्या पंचावन्न पैशांसाठी बाक कोण वाजवणार! आणि आयुष्यभर 'आम्ही टॅक्स भरतो' म्हणून एसटीच्या कंडक्टरला झाडणाऱ्या माझ्या मागं, त्याच एसटीत, केसाच्या तेलावर, साबणावर, चहापत्तीवर कर भरत आलेली ही बाई उभी असायची. तिला मी कधी बसायलाही जागा दिली नसेल. मला तिचा राग यायचा नाही की कीव यायची नाही. मला ती दिसायचीच नाही, आणि आता दिसते तेव्हा माझाच फार संताप येतो.

मावशी एका संध्याकाळी ओट्यावर आल्या ते लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करून घ्यायला. मी मोबाइलवर पान उघडलं, आधार क्रमांक टाकला, ओटीपीची वाट बघत बसलो. ओटीपी येईना. साइट बंद असेल म्हणून पुन्हा पाठवला. येईना. शेवटी बायको आतून म्हणाली, "त्यांच्या फोनचं रिचार्ज संपलं असेल." तसंच होतं. मी माझ्या फोनवरून २९९ चं मारलं, मावशींनी कनवटीतून सुटे काढून मोजून माझ्या हातात दिले, एक रुपया परत मागून घेतला.

ओटीपी यायला अवकाश होता. मास्तराला असा अवकाश सोसत नाही. मी विचारलं, "मावशी, योजनेच्या त्या पंधराशेचं काय करता तुम्ही?"

त्यांनी बोटांवर सांगितलं. गटाचा शेळीचा हप्ता. नातवाच्या वह्या. भावजयीच्या दुखण्याला दिलेले उसने फेडायचे, त्यातले तीनशे. रिचार्ज. आणि दोनशे बाजूला, कुणाला ठाऊक नाही अशा जागी. पाच बोटं, पाच जागा. माझी नियोजनाची वही आत कपाटात होती. ती बाहेर आणायची इच्छा झाली नाही. म्हणून मी दुसरं काहीतरी शिकवायला घेतलं. कागदावर २९९ लिहिलं, एक पूर्णांक अठरा शतांशानं भागलं, आणि दाखवलं.

"हे बघा मावशी. दोनशे नव्व्याण्णवमधले पंचेचाळीस रुपये सरकारला कर गेला. दर महिन्याला जातो. तुम्ही बिबट्यासाठी गाणी लावता ना, त्याच्यावरसुद्धा अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे तुम्हीसुद्धा," इथं माझा आवाज जरा चढला, कारण वाक्य मला आवडलं होतं, "तुम्हीसुद्धा करदात्या आहात!"

मावशींनी एकदम आबाच्या ओट्याकडं बघितलं. मग फाटकाकडं.

"आवं सर, हळू बोला की! कुनी ऐकलं तर माझं पंधराशे बंद व्हतील."

घरात कुणी आयकर भरणारं असेल तर लाडक्या बहिणीचा हप्ता मिळत नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. मी सांगू लागलो की तो कर वेगळा, हा वेगळा. तो उत्पन्नावर, हा वस्तूवर आणि सेवेवर. एक प्रत्यक्ष, दुसरा अप्रत्यक्ष. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्यावरचा पंचेचाळीसचा आकडा बघितला आणि कागदाची चौपदरी घडी करून कनवटीला खोचला.

"आमाला न्हाय व्हायचं करदातं," त्या म्हणाल्या. "तुमीच ऱ्हावा. तुमाला शोभतंय ते." आणि फोन वाजला तसा पुढं केला. "घ्या, आला बघा तुमचा नंबर."